रतनचे बारा शब्द

१

एक होती थोरली, एक होती धाकली. थोरलीचं नाव आक्काबाई, धाकलीचं नाव रतनबाई. एकाच घरात दिलेल्या जावा. दोघींचे नवरे पाठोपाठ गेले, तेव्हापासून त्या एकमेकींना धरून राहिल्या. आक्काबाईला एक लेक, नितीन. तो टेम्पो चालवायचा. त्याची बायको जयमाला, आणि त्यांची पोरगी यशोधरा, बारावी झालेली. रतनबाईला पोरबाळ नव्हतं. ती शिर्डीला एका फुलांच्या दुकानात हार ओवायची, तिथंच एका खोलीत राहायची आणि महिन्या-दोन महिन्यांनी एस्टीनं घरी यायची. घर म्हणजे काय, तर मिरजगावच्या अलीकडं हायवे सोडून आत गेलं की एक पत्र्याची खोली, पुढं अंगण, आणि अंगणाच्या पल्याड रतनबाईच्या वाटणीची मोकळी जागा.

आक्काबाईला अक्षर येत नव्हतं. पण डोकं असं, की चाळीस वर्षांपूर्वी कुणाच्या लग्नात कोणत्या पंगतीला मीठ कमी पडलं होतं तेही ती सांगायची. वस्तीवरच्या बायका म्हणायच्या, आक्काच्या कानात गेलं ते परत बाहेर पडत नाही.

मागच्या साली बचतगटाच्या बायकांना एका संस्थेनं मोबाईलमध्ये ओळखपेटी करून दिली. शिकवायला सृष्टी नावाची पोरगी आली होती, केस कापलेली, बोलायला गोड. ती म्हणाली, "आजी, आता तुमचे कागद कुठल्याच ऑफिसात ठेवायचे नाहीत. तुमचं वय, आजार, जात, जागा, सगळं तुमच्या पेटीत. कुणी विचारलं, की पेटी नुसतं हो म्हणेल, नाहीतर नाही म्हणेल. आतलं दाखवणार नाही."

"हे बरं झालं," गटातली वाल्मिकची आई म्हणाली. "मागं रेशनच्या यादीतनं माजा नंबर कुटं गेला देव जाणे. रोज फोन, ताई तुमची लॉटरी लागली. माजं कोंबडं मेलं तवा एकानं फोन केला न्हाई."

पेटीला कुलूप नव्हतं, बारा शब्द होते. प्रत्येक बाईचे वेगळे. मोबाईल ते एकदाच बोलून दाखवायचा. सृष्टी म्हणाली, लिहून ठेवा आणि कुणाला दाखवू नका. बायका हसायला लागल्या. लिहायचं कुणी? लिहिणारी म्हणजे घरातली पोरं. पोरांना कळलं म्हणजे नवऱ्याला कळलं, आणि नवऱ्याला कळलं म्हणजे चावडीवर कळलं. तेव्हा सगळ्या आक्काबाईकडं वळल्या.

सृष्टीनं कपाळाला हात लावला. "अहो, शब्द दुसऱ्याला सांगायचे नसतात!"

"आक्का दुसरी न्हाई," वाल्मिकची आई म्हणाली. "आक्का आमची वही हाय."

आक्काबाईनं अकरा बायकांचे शब्द कानात घेतले, बारावे तिचे स्वतःचे. घरी जाऊन जात्यावर बसली आणि एकेकीच्या शब्दांची ओवी केली, म्हणजे एकीचं दुसरीत मिसळायला नको. रतनबाईही गटातलीच, त्या वेळी घरी आलेली, समोर पाय पसरून बसलेली. तिचे शब्द होते उंबरा, सुई, चाळण, ढग, मोर, विळा, आरसा, तीळ, गूळ, शिंपलं, पाचोळा, दिवा. आक्काबाई म्हणाली,

उंबऱ्यात बाई सुई, चाळणीत साचे ढग
मोराच्या गं पिसामंदी विळ्याची लागे धग
आरशात बाई तीळ, गुळात शिंपलं वाजं
पाचोळ्याच्या खाली दिवा, दिव्याला नाव माजं

"माजं म्हंजे कुनाचं?" रतनबाई म्हणाली. "ओवी तुमी म्हनताय, बाई."

"तुजं गं येडे. म्हननारी कुनी का असंना."

रतनबाई हसली. तिला हार ओवता ओवता दातानं दोरा तोडायची सवय. बोलतानाही तसाच एक टच् आवाज काढायची. तसा काढला आणि उठली.

२

फाल्गुनात शिर्डीहून दुकानवाल्या छगनशेठचा फोन आला. रतनबाई सकाळी उठल्याच नाहीत, म्हणाले.

नितीन आणि आक्काबाई टेम्पोनं गेले. चार माणसं होती. त्रिसरण म्हटलं, पंचशील म्हटलं, तिथंच अग्नी दिला. परत येताना नितीननं चहाच्या टपरीवर टेम्पो थांबवला, पण खाली उतरला नाही. स्टेअरिंगवर हात ठेवून म्हणाला,

"आई, घरी गेल्यावं कुनाला सांगू नको."

"काय?"

"काकीचं घरकुल मंजूर झालंय. आठ दिवस झाले. काकी गेली म्हनलं की घर गेलं. पुन्ना यादी, पुन्ना धा वर्षं."

"तिची राख गरम हाय अजून, नितीन."

"म्हनून तर आत्ताच बोलतोय." तो समोर काचेकडं बघत होता. "यशू ताडपत्रीच्या आडोशाला आंघोळ करती. रस्त्यावनं ट्रॅक्टर गेला की पोरगी खाली बसती, डोकं दिसाया नको म्हनून. तुला काय वाटतं, मला दिसत न्हाई?"

आक्काबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. तिनंही ते कितीदा पाहिलं होतं.

घरी आल्यावर जयमालेनं तोंड बघून ओळखलं. यशोधरेला सांगावंच लागलं. चौघांनी दार लावून घेतलं. वस्तीवर विचारलं तर म्हणायचं, रतन शिर्डीलाच हाय. धाकली जाऊ गेली आणि थोरलीला रडायचीसुद्धा चोरी. पांढरी साडी नाही, पुण्यानुमोदन नाही, कुणी येऊन गळ्यात पडलं नाही. आक्काबाईनं पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि भाकरी थापायला बसली. त्या दिवशी एकही भाकरी फुगली नाही.

नितीन शब्द मागायला लागला. पहिल्या दिवशी ती नाही म्हणाली. दुसऱ्या दिवशी उठून गेली. तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं हरभऱ्याची डाळ काढायला घेतली आणि जात्यावर बसली. नितीन दारात उभा होता, हातात एक जुना मोबाईल. तिनं त्याच्याकडं पाहिलं नाही. खुंटा धरला, जातं फिरलं आणि तोंडातून ओवी आली. उंबऱ्यात बाई सुई. प्रत्येक शब्दाला ती जरा थांबायची. नितीनचा अंगठा मोबाईलवर हलायचा.

मी सांगितलं न्हाई, तिनं मनात म्हटलं. मी तर दळत हुते.

हे ती पुढं कितीतरी दिवस म्हणत राहिली.

३

पेटी उघडली तशी आतून बाईचा आवाज आला, शहरातला, मऊ. "रतनबाई, नवीन मोबाईलवर तुमचं स्वागत आहे. चेहरा गोलात आणा."

नितीननं मोबाईल आईच्या तोंडासमोर धरला. आक्काबाईला गोलात एक म्हातारी दिसली. ती स्वतःच होती, दुसरं कोण असणार.

"डोळे मिचकवा."

तिनं मिचकावले.

"ओळख पटली, रतनबाई."

जयमाला तोंडावर हात ठेवून म्हणाली, "अहो, ते तर लगीच फसलं."

"फसलं न्हाई," नितीन म्हणाला. "शब्द बरुबर असले की ते नवा चेहरा घेतंच. मानूस बदलत न्हाई, मोबाईल बदलतो, असं त्याला वाटतं."

मग त्यानं पेटीतलं एकेक बघायला सुरुवात केली. जागेचा उतारा. घरकुलाचं पत्र. आणि त्याच्याखाली दवाखान्याचे कागद, एक नाही, अठरा. यशोधरेनं वाचले. रतनबाईच्या पोटात गाठ होती. दीड वर्ष. दर महिन्याला ती एकटी जाऊन दाखवून येत होती. कागदाच्या डोक्यावर लिहिलं होतं, हे कुणालाही दाखवू नये.

"कुनालाही म्हंजे?" आक्काबाईनं विचारलं.

"म्हंजे आपल्याला, आज्जी."

दीड वर्षात ती आठ-दहा वेळा घरी आली होती. ह्याच जागी पाय पसरून बसली होती. वाढलेलं जेवली होती. तिनं एवढी एकच गोष्ट आयुष्यात स्वतःपाशी ठेवली, आणि मरून आठ दिवस झाले नाहीत तोवर ती सगळ्या घरानं चहा पिता पिता वाचली.

"बंद कर ते," आक्काबाई म्हणाली. "बंद कर, नितीन."

त्यानं बंद केलं. मोबाईल एका रिकाम्या डब्यात ठेवला आणि डबा फळीवर.

४

घरकुलाचं काम बघायला तालुक्याहून गोरक्ष नावाचा माणूस यायचा. नियम असा, की जोतं झालं की एक फोटो, दाराखिडक्यांवरचं लिंटल झालं की एक, स्लॅब पडला की एक, आणि घर पुरं झालं की शेवटचा. प्रत्येक फोटोत घराच्या मालकिणीनं घरापुढं उभं राहायचं. गोरक्ष नवा होता, त्याला कोण थोरली आणि कोण धाकली हे माहीत नव्हतं.

जोत्याचा फोटो चैत्रात झाला. आक्काबाई डोक्यावर पदर घेऊन उभी राहिली.

"रतनबाई, जरा उजवीकडं सरका."

ती हलली नाही.

"रतनबाई! ओ मावशी!"

जयमालेनं मागून चिमटा काढला, तेव्हा ती दचकून सरकली.

"कमी ऐकू येतं का यांना?" गोरक्ष म्हणाला.

"वय झालं," जयमाला म्हणाली. "कवा येतं, कवा न्हाई."

फोटो झाला. डब्यातल्या मोबाईलचा आवाज अंगणापर्यंत आला, "रतनबाई, हजेरी नोंदली." आक्काबाई आत जाऊन तांब्याभर पाणी प्यायली. वाईट काही झालं नव्हतं. भिंतीला भिंत लागत होती. यशोधरा रोज संध्याकाळी जोत्यावर उभी राहून सांगायची, इथं न्हाणीघर, इथं कडी. आजीला वाटायचं, रतन असती तर तिनंच आधी त्या पोरीला कडी लावून दिली असती. असं वाटून घेतलं की घटकाभर बरं वाटायचं.

५

मग एका रविवारी यशोधरेनं मोबाईल चार्जिंगला लावला आणि म्हणाली, "आज्जी, हे तू दाबतीस का?"

पेटी दर रविवारी सकाळी विचारायची, रतनबाई, पोटातलं दुखणं आज कसं आहे? हिरवं दाबलं तर बरं, लाल दाबलं तर वाईट. दवाखान्यानं तसं लावून दिलं होतं. मागचे पाच रविवार उत्तर गेलं होतं. चारदा लाल. मागच्या रविवारचं हिरवं.

"मी कशाला हात लावू?" आक्काबाई म्हणाली. "जयमाला, तू दाबलं?"

"आत्याबाई, मला त्याचा आवाजच नको वाटतो. मी त्या फळीवरची मिरचीपूडसुदीक खाली घेतली."

"उंदीर असंल," नितीन म्हणाला. "डब्याचं झाकण ढिलं हाय."

आक्काबाईनं झाकण बघितलं. घट्ट होतं. तरी तिनं मनाशी धरलं, की उंदीरच. उंदराला लाल-हिरवं कळत नाही, पण पाय पडंल तिथं पडतो. चारदा लालवर पडला आणि एकदा हिरव्यावर, यात काय एवढं.

त्याच आठवड्यात ती दुपारची नव्या भिंतींच्या आत गेली. छप्पर नव्हतं, चारी बाजूंना विटा आणि वर ऊन. वाळू तापलेली. ती पाणी मारायला गेली होती. कोपऱ्यातून आवाज आला.

टच्.

दोरा तुटल्यासारखा. तिनं पाइप बंद केला आणि उभी राहिली. ऊन लागून वीट तडकते, सिमेंट सुटतं, सरडा पळतो, किती आवाज असतात. ती बराच वेळ उभी राहिली. दुसऱ्यांदा काही आलं नाही. ती जायला वळली तसं पाठीमागून आलं. टच्.

लिंटलच्या फोटोला गोरक्ष आला तो मोबाईलमध्ये बघत बघतच आला. "मावशी, तुमचा फोटो तर कालच आलाय. दुपारी बारा वाजून काही मिनिटांनी."

नितीन म्हणाला, "आला ना? मग झालं."

यशोधरेनं फोटो मोठा करून आजीला दाखवला. नव्या भिंतीपुढं एक बाई उभी होती. पदर डोक्यावरून पुढं ओढलेला, तोंडावर सावली. डावा हात कमरेवर. उजव्या हाताची दोन बोटं चिमटीत, सुई धरल्यासारखी.

"तूच हायस की," यशोधरा म्हणाली. "साडी तुजीच हाय."

साडी तिचीच होती. पण काल दुपारी बारा वाजता आक्काबाई वाल्मिकच्या आईच्या ओट्यावर मिरच्यांची देठं काढत बसली होती. वाल्मिकच्या आईनं आपल्या सुनेच्या उखाळ्यापाखाळ्या काढल्या होत्या, त्या तिला शब्दन् शब्द आठवत होत्या.

"रतनबाई, सही नाही, अंगठा द्या," गोरक्ष म्हणाला.

"आले," ती म्हणाली. पहिल्याच हाकेला.

६

आक्काबाईला रक्तदाबाच्या गोळ्या चालू होत्या. उपकेंद्रात गेलं की आपली पेटी उघडायची, पेटी हो म्हणायची, की गोळ्या मिळायच्या. ज्येष्ठात ती गेली आणि पेटी हो म्हणेना.

"हा चेहरा रतनबाईंच्या पेटीचा आहे," आवाज आला. "आपण आक्काबाई असाल तर आपले बारा शब्द बोला."

तिनं तोंड उघडलं. आणि उघडंच राहिलं.

शब्द नव्हते. जिभेवर नाही, घशात नाही, कुठंच नाही. ती बाहेर येऊन पायरीवर बसली आणि एकेक ओवी मनात म्हणून बघितली. वाल्मिकच्या आईची आली, सगळी. गटातल्या बाकी नऊजणींच्या आल्या. रतनची तर न बोलावता आली. आपली येईना. कोणत्या शब्दानं सुरू होत होती तेही येईना. जिथं ती ओवी होती तिथं आता पुसलेल्या चुलीसारखी जागा होती.

घरी येऊन जात्यावर बसली. वाटलं, हात फिरला की तोंड फिरंल. खुंटा धरला, डोळे मिटले आणि गाऊ लागली. दोन ओळी झाल्यावर तिला कळलं, की ती म्हणतेय ते उंबऱ्यात बाई सुई आहे.

दुसऱ्या दिवशी एकटीच मिरजगावला गेली. सृष्टीचं ऑफिस सिमेंटच्या दुकानावर होतं. जिना चढून तिला धाप लागली.

"पोरी, माजे शब्द दे."

सृष्टी हसली, पाणी दिलं. "आजी, माझ्याकडं नाहीत."

"मग मोठ्या हापिसात असतील. मुंबईला."

"कुणाकडंच नाहीत. तेच तर शिकवलं होतं ना तुम्हाला? दुसऱ्या कुणाकडं असते तर ते विकले गेले असते, चोरीला गेले असते. तुमचे शब्द फक्त तुमच्याकडं."

"आन् माज्याकडं न्हाईत तर?"

सृष्टीनं पाण्याचा पेला बाजूला सरकवला. "तर मग कुठंच नाहीत, आजी."

खाली दुकानात कुणीतरी सिमेंटची गोणी टाकली. वर पायाखालची जमीन हलली.

"थांबा, चेहरा बघू." तिनं आपला मोबाईल समोर धरला, बघितलं, पुन्हा बघितलं. मग आक्काबाईकडं बघितलं, जरा मान वाकडी करून, जसं लांबून ओळखीचं माणूस येताना बघतात. "इथं तर... तुम्ही आक्काबाई ना? का मीच घोळ घालतेय? ट्रेनिंगला दोघी शेजारी बसला होता."

सांगायची हीच वेळ होती. आक्काबाईला ते कळत होतं. रतन मेली म्हणायचं, आम्ही तिचे शब्द चोरले म्हणायचं, हा चेहरा आम्ही तिच्या पेटीत कोंबला म्हणायचं. मग घर गेलं असतं आणि तिचं नाव कदाचित परत आलं असतं.

"रतनची पेटी मिटवायची कशी?" एवढंच तिनं विचारलं.

"तिच्याच शब्दांनी आणि तिच्याच चेहऱ्यानं. दुसऱ्या कुणाला मिटवता येत नाही." सृष्टी म्हणाली. "का हो? रतनबाई बऱ्या आहेत ना?"

"बरी हाय," आक्काबाई म्हणाली आणि जिना उतरली. खालच्या पायरीवर तिच्या लक्षात आलं, की रडू यायला पाहिजे होतं आणि येत नव्हतं. तिचा हात कमरेवर होता. डावा. तो तिनं खाली घेतला.

७

स्लॅब पडला. तिसरा फोटो कधी गेला ते घरात कुणाला माहीत नाही. गोरक्ष म्हणाला, आलाय, छान आलाय. नितीननं विचारायचं सोडून दिलं होतं. जयमाला अलीकडं सासूला हाक मारताना आधी घुटमळायची आणि मग नुसतंच "अहो" म्हणायची.

आक्काबाईनं ठरवलं. घर गेलं तर गेलं. नितीन शिव्या देईल, यशू रडेल, पुन्हा ताडपत्री बांधू. पण रतनला सोडायचं. तिच्या नावानं एकदा मोकळं रडायचं. आणि रतन सुटली की आपली ओवी आपल्याला परत येईल, असं तिच्या मनानं घेतलं होतं.

दुपारी सगळे बाहेर गेल्यावर तिनं फळीवरचा डबा काढला आणि नव्या घरात गेली. स्लॅबखाली टेकू लावले होते, लाकडी, दाट, हाताहाताच्या अंतरावर. बाहेर कडक ऊन आणि आत ओल, काळोख, ओल्या सिमेंटचा वास. वरून थेंब पडत होते. तिला टेकूंमधून अंग चोरून जावं लागलं. मधोमध जाऊन ती उभी राहिली आणि बारा शब्द म्हणाली. गाऊन नाही, नुसते म्हणाली, पहिल्यांदाच. दिवा म्हणताना आवाज फाटला.

"रतनबाई, पेटी कायमची मिटवायची?"

"व्हय."

"चेहरा गोलात आणा."

तिनं मोबाईल दोन्ही हातांनी धरला. गोलात म्हातारी आली, काळोखात अर्धीच दिसणारी.

"डोळे मिचकवा."

आक्काबाईनं डोळे मिटले आणि उघडले.

गोलातल्या म्हातारीनं मिटले नव्हते. आपण मिटलेल्या डोळ्यांनी हे कसं बघितलं, असं तिला वाटलं. म्हणून पुन्हा मिचकावले, आता एकेक करून. आधी डावा मिटून उजव्यानं बघितलं. मग उजवा मिटून डाव्यानं. गोलातले दोन्ही डोळे उघडेच होते. ते तिच्याकडं बघत होते. रागानं नाही. रागानं असते तर तिला सोसलं असतं. आजार लपवून घरी आलेलं माणूस जेवताना जसं बघतं, तसे बघत होते.

"डोळे मिचकवा," आवाज पुन्हा म्हणाला.

आक्काबाईनं आता डोळे ताणून उघडे ठेवले. पाणी यायला लागलं तरी ठेवले. आणि गोलातल्या म्हातारीनं सावकाश, एकदाच, डोळे मिटले आणि उघडले.

"रतनबाईंनी नकार दिला आहे."

मागं टेकूंमध्ये, हाताच्या अंतरावर, टच्.

तिनं मागं बघितलं नाही. म्हणाली, "रतने, माजं चुकलं गं." थेंब पडत राहिले. कानापाशी कुणीतरी श्वास घेतला, बोलायच्या आधी घेतात तसा, आणि बोललं नाही.

ती बाहेर आली तेव्हा अंगणात नितीन होता. "आई, काय करत हुतीस आत?"

"टेकू बघत हुते."

"बघ, नीट बघ," तो आनंदानं म्हणाला. "आठ दिवसांत काढायचेत."

८

आश्विनात घर पुरं झालं. आत-बाहेर रंग लागला, दाराला तोरण बांधलं, बुद्धवंदना झाली, वस्तीवरच्या बायका आल्या. शेवटच्या फोटोला गोरक्ष पांढरा शर्ट घालून आला. आक्काबाई नव्या दारापुढं उभी राहिली.

वाल्मिकची आई गर्दीतून पुढं आली, तिच्या हातात ब्लाऊजपीस दिला आणि गालाला हात लावला. "रतने, घर लई झाक झालं बग. शिर्डीचं पानी मानवलं तुला."

आक्काबाई तिच्या तोंडाकडं बघत राहिली. ही बाई चेष्टेखोर. पण चेष्टा करताना तिची एक भुवई वर जायची, ती गेली नव्हती.

"आन् आक्का कुटं दिसंना?"

जयमालेच्या हातातलं पेढ्यांचं ताट तसंच राहिलं. नितीन आईकडं बघत होता, आणि त्याच्या डोळ्यांत विनवणी होती, पण नेमकी कुणाला ते त्यालाही कळत नसावं. गोरक्षचा मोबाईल वर झाला होता. बोलायचं तर आत्ता. मी आक्का, एवढे दोनच शब्द. तिनं ते जुळवलेसुद्धा.

तेवढ्यात आतून कडीचा आवाज आला. यशोधरा न्हाणीघराचं दार लावत होती, उघडत होती, पुन्हा लावत होती, आणि आतल्या आत एकटीच हसत होती.

"आत हाय ती," म्हातारी म्हणाली.

वाल्मिकची आई उंबऱ्यापाशी गेली, वाकून आत बघितलं. आतली खोली दुपारची अंधारी होती. "आक्का, ये की फोटोला," तिनं हाक मारली. मग कान देऊन उभी राहिली. बाकी कुणाला काही ऐकू आलं नाही. वाल्मिकची आई मान हलवत परत आली.

"म्हनती, तुमी काढा, मी आतच बरी हाय."

"रतनबाई, इकडं बघा," गोरक्ष म्हणाला.

तिनं बघितलं.

तर असं त्या कुटुंबाचं चांगलं झालं. त्या घरात पाऊस येत नाही, धूळ येत नाही. यशोधरेला नगरला नर्सिंगला नंबर लागला. सुट्टीत येते तेव्हा ती कडी लावून तासभर आंघोळ करते आणि कुणी काही म्हणत नाही. नितीनला कारखान्याचं बारमाही भाडं मिळालं. जयमालेच्या अंगाला मूठभर मांस आलं. रतनबाई सकाळची दारात उन्हाला बसते, येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलते, रविवारी हिरवं बटण दाबते. गटातल्या बायका शब्द विसरल्या की अजून याच घरी येतात आणि आतल्या खोलीच्या दारापाशी बसून कान देतात. जयमाला दोन्ही वेळेला दोन म्हाताऱ्यांची दोन ताटं वाढते, एक दारात आणि एक आत. दोन्ही रिकामी होऊन येतात. आतलं ताट उचलायला गेलं की ती खाली बघूनच जाते आणि खाली बघूनच येते.

जसं त्यांना घर मिळालं, तसं ज्याला नाही त्याला मिळो. पण ज्याचं त्याच्या नावानं मिळो.